केरसुणी आधी पोचली

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणापाशी. नाही नाही, तिथून नको, तिथून आवाज सरळ गुलमोहरवाल्यांच्या बाल्कनीत जातो. हां, इथे. जास्वंदीच्या आड.

रविवारचं कळलं असेलच तुम्हाला. काय? काका रस्ता चुकले एवढंच कळलं? अहो, काका कसले चुकतायत, चुकले ते बाकीचे अकरा! थांबा, नळ बंद करून येते, नाहीतर आमचे हे आतून ओरडतील पाणी वाहतंय म्हणून.

तर काय सांगत होते… आपल्या कॉलनीचा सायकल क्लब. दिवाळीपासून सगळ्यांच्या अंगात ती बीआरएम संचारलीय ना. २०० किलोमीटर, साडेतेरा तासांत. मग म्हणे ३००, ती २० तासांत. ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४०. एका सीझनमध्ये चारही मारल्या की तुम्ही सुपर रँडोनियर! बोलताना जीभ अडखळते माझी, पण आमचे हे झोपेतसुद्धा बडबडतात. वाटेत पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं, मागून गाडी नाही, डबा घेऊन बायको नाही. आणि गंमत म्हणजे त्यात नंबरच नसतो. सगळ्यांत आधी या नाहीतर वेळ संपायला एक मिनिट उरलं असताना या, मान सारखाच. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणारेय.

मग त्याच्या तयारीसाठी दर रविवारी ही ट्रेनिंग राईड. पहाटे साडेपाचला गेटपाशी. अंधार असतो हो. ते लाल दिवे लुकलुकत असतात मागे, मला वाटतं दीपमाळच निघाली चालत. मी काही मुद्दाम बघत नाही, दूध घ्यायला उठतेच.

आता नावं घेत नाही मी कुणाची. उगाच कशाला? पण गुलमोहर बंगला, दारात पितळी घंटा, आयटीत मोठा हुद्दा… ओळखलंत ना? तेच आपले कॅप्टन. त्यांची ती नवी सायकल पाहिलीत? कार्बनची. वजन किती तर आठ किलो! अहो, आपल्या सिलिंडरमध्ये नुसता गॅस १४.२ किलो असतो. तिला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही. भिंतीला टेकवून ठेवतात, बाळंतिणीला उशी देऊन बसवावं तशी. एवढी महागाची वस्तू आणि घंटी नाही हो साधी! आपल्या वेळेला घंटी नसली तर चालवून घ्यायचे का पोलीस? डायनामो नाही म्हणून माझ्या चाकातली हवा सोडली होती एकदा, अलका टॉकीजपासून सायकल ढकलत आणली घरी. जाऊ दे ते.

किंमत? वहिनींना सांगितलंय साठ हजार. आता कुरिअरवाला खोकं माझ्याकडे ठेवून गेला होता, त्यांच्याकडे कुणी नव्हतं म्हणून. मी काही वाचायला गेले नाही, पण बिल वरच चिकटवलं होतं, डोळे काय मिटून घेणार मी? तर एवढंच सांगते, साठाच्या डावीकडे आणखी एक आकडा आहे.

आणि ती गादीची चड्डी! दोरीवर वाळत असते बघा, बुडाला हे एवढं जाड फोम लावलेली. त्यांच्या आईंनी एकदा सहज विचारलं, "अरे, ह्याच्या आत काय घालतोस?" तर हा म्हणतो, "काही नाही आई, आत काही घालायचंच नसतं, शिवण घासते." त्या माउलीने तेव्हापासून रविवारी सकाळी बाल्कनीत येणं बंद केलंय. हसू नका, ऐकू जाईल.

बुटांचं तर विचारूच नका. तळाला खटका असतो, पॅडलमध्ये अडकतो. टाच बाहेर फिरवली की सुटतो, पण ती फिरवायची आठवण व्हायला पाहिजे ना वेळेवर! डॉक्टरीणबाईंचा जावई मागच्या महिन्यात राजाराम पुलाच्या सिग्नलला थांबला. थांबला, म्हणजे सायकल थांबली. पाय अडकलेले. उभ्याचा जो हळूहळू आडवा झाला, झाड पाडताना पडतं ना, तसा. रिक्षावाले बघतायत, दूधवाला बघतोय. लागलं काहीच नाही, फक्त घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या मुलीला सांभाळाल ना हो?" अहो, एवढासा चेहरा झाला त्याचा.

हं, तर काका. बँकेतून रिटायर झालेले, कोपऱ्यावरचे, त्यांच्याबद्दल काय सांगायचं तुम्हाला. साधी लोखंडी सायकल, गिअरची आहे, पण कॅरिअर आहे, मडगार्ड आहे, घंटी तर अशी की पोस्टमन आला असं वाटावं. कॅरिअरला थर्मास. सीटखालच्या पिशवीत पाने, ट्यूब, पंक्चरचं सामान, सगळं जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेलं. आणि काकूंनी दिलेले राजगिऱ्याचे लाडू. कॅप्टन ते चिकट जेल चोखतात, टूथपेस्टसारखं दिसतं, आणि काका सिग्नलला लाडू काढतात. तत्त्व एकच हो दोघांचं: भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. एकदा का अंगातली साखर संपली की पायच हलत नाहीत, डोळ्यापुढे अंधारी. त्याला बाँक म्हणतात. आमच्या ह्यांना झाला होता, धायरी फाट्याला दुकानाच्या पायरीवर बसून जिलेबी खात होते. पाव किलो. मला सांगितलं, दोनच खाल्ल्या.

बरं, या राईडची एक रीत असते. दोघं दोघं शेजारी, रस्ता अरुंद झाला की एकामागे एक. पुढच्याने वारा फोडायचा. मागचा त्याच्या आडोशाला राहिला की त्याची तीस टक्क्यांपर्यंत ताकद वाचते म्हणे. पुढचा दमला की कोपर हलवतो, बाजूला होतो आणि शेपटाला जाऊन लागतो. खड्डा आला की हात खाली करून दाखवायचा, मागून गाडी आली की ओरडायचं. आणि आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला न्यायचं नाही. घासलं तर मागचा आपटतो, पुढच्याला पत्तासुद्धा नसतो. मी ह्यांना म्हटलं, हे मला लग्नात का नाही सांगितलं कुणी?

आणि सगळ्यांत शेवटी स्वीप. त्याचं काम काय, तर कुणाच्याही पुढे जायचं नाही. बस्स. ज्याचं पंक्चर झालं त्याच्यापाशी थांबायचं, जो दमला त्याच्या वेगाने चालवायचं. नो-ड्रॉप राईड ना आपल्या क्लबाची! म्हणजे कुणाला वाटेत टाकायचं नाही. दर रविवारी पाळी असते स्वीपची. या रविवारी पाळी कुणाची? गुलमोहर!

तर शनिवारी काय झालं. आधी ठरलं होतं पानशेत. आठवडाभर सगळे पानशेत-पानशेत करत होते. आणि रात्री अकरा वाजता… अकरा हं… कॅप्टनचा मेसेज, "प्लॅन चेंज, पानशेत नको, सिंहगड. क्लाइंबिंग करू." सगळ्यांचे अंगठे. काका साडेनऊला झोपतात हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे, दहाला तर घोरणं सुरू होतं त्यांचं. त्यांनी कुठून वाचावा? आणि पहाटे गेटवर कुणी बोलून दाखवावं की नाही? नाही! प्रत्येकाला वाटलं, ग्रुपवर आलंय म्हणजे झालं.

निघाले बारा जण. मी मोजले. राजाराम पूल, विठ्ठलवाडी, वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, सगळं व्यवस्थित. खडकवासल्याला धरणापाशी दहा मिनिटं थांबले, फोटो झाले. निघाले, आणि चौपाटीच्या पुढे काकांचं मागचं चाक बसलं. फुस्स.

आता हे मला खुद्द काकांनी सांगितलंय, सोमवारी भाजी घेताना. पुढचे नऊ-दहा तर वळणाआड गेले, त्यांना कळलंच नाही. थांबले कॅप्टन, स्वीप ना ते. काकांनी सायकल उलटी केली, चाक काढलं, टायर उकलला. नवी ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं असतं, ठाऊक आहे? नाहीतर जे रुतलंय ते नव्या ट्यूबलाही खातं. काका बोट फिरवतायत, हळूहळू, तांदळातला खडा शोधावा तसं. आणि सापडली. केसाएवढी तार. ट्रकचे टायर फुटतात ना, त्यांच्यातल्या तारा रस्त्यावर पडतात, त्यातली. चिमट्यात येईना. मग खिशातून नेलकटर काढला आणि त्याने ओढली. मला दाखवलीसुद्धा, कागदाच्या पुडीत जपून ठेवलीय.

हे चालू असताना कॅप्टन काय करत होते? घड्याळ बघत होते. आणि म्हणाले काय? "काका, माझा हार्टरेट खाली येतोय." अहो! बाजूला माणूस घामाघूम होऊन चाक बसवतोय आणि ह्यांचा हार्टरेट! काका बिचारे साधे, त्यांना वाटलं काही आजारबिजार आहे. म्हणाले, "अरे मग बसून घे जरा, चहा देऊ?" तर म्हणतात कसे, "नको, तुम्ही करा आरामात, मी पुढच्या फाट्यावर थांबतो." काका म्हणाले, "जा जा, मला काय, पंधरा-वीस मिनिटं."

गेले. आणि फाट्यावर थांबले का?

तुम्हीच सांगा. डोणज्याच्या फाट्याला डावीकडे वळलं की सिंहगड, सरळ गेलं की पानशेत. काका आले तिथे. चिटपाखरू नाही. कणसं भाजायची शेगडी पेटवत एक बाई बसली होती, तिला विचारलं, "सायकलवाले गेले का हो?" ती म्हणाली, "गेले की! आत्ताच. ढीगभर." आता रविवारी त्या रस्त्याला अख्ख्या पुण्याचे सायकलवाले असतात, हेल्मेटं सगळी सारखीच. दुसराच कुठला तरी क्लब सरळ गेला होता. काकांच्या डोक्यात पानशेत. निघाले त्यांच्या मागे! खानापूर मागे टाकलं, पुढे धरणाचं पाणी, उन्हं आलेली, आणि हे आपले घंटी वाजवत, आता गाठतो मग गाठतो.

इकडे बाकीचे गडावर. त्या गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा चढ आहे हो, वळणावळणाचा, गाडीसुद्धा पहिल्या गिअरवर धापा टाकते. आमचे हे दोनदा उतरून चालले. मला सांगितलं फोटो काढायला उतरलो. मग वर पिठलं-भाकरी, कांदा, मडक्यातलं दही. आणि सगळ्यांनी सायकली आडव्या-उभ्या लावून फोटो. दहीवाल्या मावशींनी काढला. कॅप्टन मधोमध, छाती पुढे. ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "नो-ड्रॉप राईड! गेलो एकत्र, पोचलो एकत्र!" आणि सात बदाम.

आता त्या ग्रुपवर काकू आहेत हे विसरले सगळे! काकूंना तुम्ही ओळखता. पंगतीत वाढताना पानं मोजायची सवय आहे त्यांना, मंगळागौरीला नाही का, दाराशी उभ्या राहून सांगतात, तेवीस आल्या आणि एक राहिलीय. त्यांनी फोटो मोठा केला आणि मोजला. अकरा. पुन्हा मोजला. अकरा. आणि लिहिलं… माझ्याकडे आहे अजून, दाखवते तुम्हाला… लिहिलं, "आमचे हे कुठे आहेत?"

अहो, काय सांगू! ग्रुप थंड. वर दिसतंय टायपिंग… टायपिंग… मग काहीच नाही. मग दुसऱ्याचं टायपिंग. एकाने अक्कल पाजळली, "काकू, फोटो काढणारे काका असतील." आणि दुसऱ्याने त्याच क्षणी लिहिलं, "दहीवाल्या मावशींनी मस्त काढलाय फोटो!" झालं.

डॉक्टरीणबाई तिथेच होत्या, त्यांनी सांगितलं मला सगळं. म्हणाल्या, कॅप्टनच्या हातात भाकरीचा तुकडा, पिठलं लावलेला, तोंडाशी नेलेला, तो तसाच राहिला. आमच्या ह्यांची बत्तीशी मिटली. सगळे एकमेकांकडे बघतायत, आणि मग एकदम सगळे कॅप्टनकडे. कॅप्टन म्हणतात, "मला वाटलं ते पुढे गेले." आता चाक हातात घेऊन बसलेला माणूस पुढे जाईल कसा, हे कुणी विचारलं नाही. पण चेहरा बघा म्हणाल्या, चुन्याने सारवल्यासारखा.

फोन लागेना. काकांचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पाने-ट्यूबच्या तळाशी, आणि त्या बाजूला रेंजही धड नसते. काकू माझ्याकडे आल्या, इथेच बसल्या, या पायरीवर. तोवर डॉक्टरीणबाईंचा फोन आला, धीर द्यायला म्हणून. त्यांचं बोलणं तुम्हाला माहीतच आहे. म्हणाल्या, "काकू, काळजी करू नका. आपल्या पुण्याची ती वेदांगी कुलकर्णी बघा, २०१८ साली, वीस वर्षांची पोर, एकटीने सायकलवर पृथ्वीला फेरी मारली. २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं तिला, कॅनडात अस्वल मागे लागलं, तरी आली ना सुखरूप?" अहो, काकूंना तोवर अस्वलाचं सुचलंच नव्हतं! डोळे हे एवढे झाले. मला म्हणतात, "पानशेतला अस्वलं आहेत का गं?" मी पाणी दिलं.

साडेदहाला फोन आला. कुठून? पानशेतहून! चहाच्या टपरीवरून. "अगं, सगळे कुठे आहेत? मी धरणापाशी अर्धा तास थांबलोय. लाडू संपले."

तुम्हाला म्हणून सांगते, पानशेत म्हटलं की त्यांच्या घरात अजून सगळे गप्प होतात. १२ जुलै १९६१. काका तेव्हा दोन वर्षांचे, नारायण पेठेत राहायचे. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठ सगळा पाण्याखाली. त्यांच्या आजींनी पितळेचा एक तांब्या तेवढा हातात धरून पोराला माडीवर नेलं, बाकी सगळं गेलं. तो तांब्या अजून आहे, देवापाशी. तर काका मला म्हणाले, "इतकी वर्षं नुसतं ऐकत आलो. त्या दिवशी भिंतीकडे बघत बसलो जरा. म्हटलं, आलोच आहोत तर." आणि मग सायकलवर बसले आणि परत. पाऊण वाजता दारात. हिशोब करा, ऐंशीएक किलोमीटर! गडवाल्यांचे साठसुद्धा भरले नाहीत. जेवले, ताक प्यायले, झोपले. दहा मिनिटांत घोरणं, मी इथून ऐकलं.

संपलं असं वाटतंय ना तुम्हाला? खरी गंमत सोमवारची!

संध्याकाळी गणपतीच्या पारावर मीटिंग बोलावली. कॅप्टननेच. आधी काकांची माफी वगैरे मागितली, पण कशी? "कम्युनिकेशन गॅप झाली." म्हणजे कुणाची चूक? गॅपची! आणि पुढे म्हणतात, "मी फाट्यावर बराच वेळ थांबलो होतो. काका दिसले नाहीत, तेव्हा हळूहळू शेवटून वर गेलो."

आता मी गप्प बसणार होते. खरंच. पण तुम्हाला ते स्ट्राव्हा माहीत आहे ना? हे लोक जिथे जातात तिथली रेघ उमटते त्याच्यात. किती वाजता निघाले, किती चालवली, किती वेळ बसून राहिले, कुठल्या चढाला किती मिनिटं लागली, सगळं! मी दसऱ्याला अकाउंट काढलं. फोटो तुळशीचा लावलाय. सगळ्यांना फॉलो करते, कुणी नाही म्हटलं नाही. अहो, इतकी वर्षं खिडकीत उभं राहून पाय दुखवले, त्यापेक्षा हे बरं!

पण मला बोलावंच लागलं नाही. जावई बोलला, तोच, सिग्नलला पडलेला. मोबाईल काढून म्हणतो, "पण दादा, तुमचा सिंहगडचा टाइम तर एक्केचाळीस मिनिटं आहे. तुमचा बेस्ट. आपल्या क्लबात पहिला." भाबडेपणाने बोलला की सूड घेतला, देव जाणे. मला विचाराल तर सूड. सिग्नलला पडला तेव्हा व्हिडिओ कुणी काढला होता?

सगळे शांत. कॅप्टनचे कान लाल. "अरे, ते जीपीएस…" म्हणून काही तरी सुरू केलं, आणि काकू उठल्या. पदर खोचला. आवाज अगदी हळू, त्यांचा हळू आवाजच वाईट. म्हणाल्या, "मला इंग्रजी फार कळत नाही. स्वीप म्हणजे केरसुणीच ना हो?"

कुणी तरी म्हणालं, "हो काकू, तसंच म्हणायचं."

"मग माझ्या घरात केरसुणी सगळ्यांत शेवटी फिरते. तुमच्याकडे ती आधी कशी पोचली?"

अहो, आमच्या ह्यांना ठसका लागला. डॉक्टरीणबाईंनी पर्समध्ये तोंड घातलं. आणि कॅप्टन… मी खोटं सांगत नाही, मला वाईट वाटलं क्षणभर. एवढा उंच माणूस, पाराच्या कट्ट्यावर बसला आणि बुटाची लेस बांधायला लागला. चपला होत्या पायात.

आणि ते तिथेच थांबलं असतं हो. पण काकू जाता जाता म्हणाल्या, "साठ हजारांच्या सायकलला मागे बघायचा आरसा लावून मिळत नाही वाटतं." आणि तो जावई, तोच परत, म्हणतो, "साठ? काकू, ही एक लाख साठची आहे."

गुलमोहरच्या वहिनी मागेच उभ्या होत्या. हातात भाजीची पिशवी. मी त्यांच्याकडेच बघत होते, दुसरीकडे बघवेना. त्या काही म्हणाल्या नाहीत. फक्त एवढंच, "असं?" आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तो "असं" मी सात जन्म विसरणार नाही. मंगळवारपासून त्यांच्या गॅलरीत धुणं दिसलं? चड्डी सोडून सगळं होतं दोरीवर. स्वतःची स्वतः धुवा म्हटलं असणार.

काकांचं विचाराल तर काका खूश. त्यांच्या मनात काही नाही. मला म्हणाले, "मुलगा वाईट नाही हो, चढ दिसला की त्याला राहवत नाही. मला जिलेबी दिसल्यावर होतं तसंच." मी म्हटलं, काका, नंबर नसलेल्या गोष्टीची तयारी करताना हा पहिला यायला धावतो, म्हणजे काय म्हणायचं? तर हसले नुसते. पण काकूंनी मात्र कॅप्टनकडे दिवाळीचा म्हणून ठेवलेला चिवड्याचा डबा परत मागवून घेतला. रिकामा धाडला तर घेतला नाही, रीतीप्रमाणे साखर तरी घालून पाठवा म्हणाल्या. बुधवारी आला. साखर होती.

अरे, तिसरी शिट्टी झाली वाटतं. जाते मी, डाळ खाली लागेल. हो, ते राहिलंच. काल रात्री ग्रुपवर यादी आली. आठ वाजता हं, अकराला नाही. या रविवारी कात्रजचा घाट, जुन्या बोगद्यापर्यंत. साडेपाचला गेटवर. स्वीपला काकांचं नाव आहे, आणि त्यांच्या पुढे सगळ्यांत शेवटचा नंबर कॅप्टननी स्वतः लिहून घेतलाय. घंटीसुद्धा बसवलीय म्हणे सायकलला. मी उठणारच आहे दुधाला, तुम्हीही या.